पिंपळे सौदागरातलं प्रवाळ

प्रवाळाचा एक बरा फोटो मिळाला असता तर हरिहर बोपर्डीकरांच्या पदरात काय काय पडलं असतं, याचा हिशेब मी पहिल्याच दिवशी मनात मांडून ठेवला होता. नोकरीला दोन वर्षांची मुदतवाढ, ही पहिली जमा. मुदतवाढीबरोबर कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर, ही दुसरी. तिसरी जमा सगळ्यांत मोठी, पण ती कुठल्या कागदावर दिसत नाही: आणखी दोन वर्षं दिवसा घरी न बसण्याची सवलत. अरुंधतीवहिनींनी त्यांच्या निवृत्तीची तयारी आदल्या दिवाळीपासूनच चालवली होती. माळा रिकामा करणे, गव्हाला ऊन दाखवणे, पंख्यांची पाती पुसणे, माहेरच्या सगळ्या लग्नांना हजर राहणे. मार्च महिना जसा जवळ यायला लागला तसे हरिहरराव घरातल्या पंख्यांकडे चोरट्या नजरेने बघू लागले.

यात तुमचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारा. त्या गाडीतली मागची डावी जागा माझी होती. हरिहरराव आणि मी एकाच सोसायटीत राहतो आणि चाकणच्या एकाच कंपनीत जातो. ते क्वालिटीचे प्रमुख, मी अकाउंट्सचा सबनीस. मला निवृत्त व्हायला अजून वेळ आहे आणि गाडी मला मिळण्याची शक्यता नाही. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग चाकणचा तो चौक, जिथे सिग्नल हिरवा होतो तो केवळ बघणाऱ्यांच्या समाधानासाठी, एवढा रस्ता कंपनीच्या बसमध्ये उभं राहून पार करायचा की एसीत डुलकी काढत, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. तेव्हा हरिहररावांची मुदतवाढ हे माझंही येणं होतं. मित्रप्रेम वगैरे म्हणतात ते एवढं तपासून घेतलं की मग निर्धास्तपणे करता येतं.

आमच्या कंपनीत गाड्यांना लागणारी रबरी सीलं होतात. जिथून तेल बाहेर येऊ नये किंवा पाणी आत जाऊ नये अशा जागी बसवायची रबराची कडी, तिला सील म्हणायचं. हरिहररावांचा सगळा जन्म दुसऱ्यांचा माल परत पाठवण्यात गेला. मालाला केस चिकटलेला दिसला तर अख्खी गाडी माघारी. पुरवठादार त्यांना सत्यनारायणाचा प्रसाद द्यायलाही घाबरत, कारण ते शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढून त्याच्याकडे बघत बसत.

तर त्या उन्हाळ्यात आमचे मोठे साहेब मालदीवला गेले, बुडी मारून प्रवाळ बघून आले आणि आल्या आल्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उभे राहिले. चेहऱ्यावर दीक्षा घेतल्याचा भाव. येत्या वर्षीचं कॅलेंडर समुद्रावर करायचं, म्हणाले, आणि फोटो आपल्याच माणसांनी काढलेले हवेत. दसऱ्यानंतर लगेच ते स्वतः निवड करणार. मुदतवाढीच्या यादीवर सहीसुद्धा साहेब त्याच सुमाराला करतात, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांनी अलिबागचा उंट, गणपतीपुळ्याचा सूर्यास्त आणि काशिदच्या वाळूत उभी केलेली बायको, असा माल जमवायला घेतला. हरिहररावांनी त्या दिवशी गाडीत बसताच मला विचारलं,

"सबनीस, पोहता येतं तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही," ते समाधानाने म्हणाले. "पण साहेबांना प्रवाळ आवडलंय, तर प्रवाळच द्यायचं. लक्षद्वीपला जायचं, पाण्याखाली उतरायचं, फोटो काढायचा. तुम्ही बत्ती धरायची."

"पाण्याखाली? मी?"

"इंजेक्शन घेताना जेवढा वेळ श्वास धरता तेवढाच धरायचाय हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी या कामाची आकृती काढून आणली. क्वालिटीवाले कुठल्याही संकटाची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात. मधे कणा, बाजूला काटे, एकेका काट्यावर एकेक अडचण. मासा दिसायच्या आधी त्याचा सांगाडा तयार होता. काट्यांवर क्रमाने लिहिलं होतं: परवाना, कॅमेरा, पाणबंद पेटी, पोहणे, रजा, शार्क, अरुंधती. शार्कला त्यांनी 'किरकोळ' असा शेरा दिला होता.

परवान्यापासून सुरुवात झाली. लक्षद्वीपला जायचं तर पोलिसांकडून आपल्या चारित्र्याचा दाखला आणावा लागतो. आम्ही दोघं चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी अर्ज उलटासुलटा केला.

"कशाला चाललाय म्हणला?"

"पाण्याखालचे फोटो काढायला."

"कुणाचे?"

"प्रवाळाचे. माशांचे."

"मासे पिंपरीच्या बाजारात मिळत्यात की."

"जिवंत हवेत," हरिहरराव म्हणाले.

हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "आन् पाण्याखाली चारित्र्य कशाला लागतं?"

हा प्रश्न खरं तर सरकारने स्वतःला विचारायचा होता. मग हरिहररावांच्या चांगुलपणाला साक्षीदार हवा, म्हणून मी सही केली. मग साक्षीदाराच्या चांगुलपणाला पुरावा हवा, म्हणून माझा अर्ज झाला. मी बाहेर पडलो तेव्हा चौकीत माझ्याही नावाची कोरी फाइल उघडलेली होती. चौकशीला माणूस घरी येईल, असं सांगण्यात आलं.

तो आला, पण अवेळी आला. म्हणजे हरिहरराव कंपनीत असताना आणि कुसुमताई जिन्यात असताना. कुसुमताई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि सोसायटीत कुणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे त्यांना विचारून कळतं. आता झालं होतं असं, की पाण्याखाली श्वास धरायचा सराव म्हणून हरिहरराव रोज सकाळी बाल्कनीत पाण्याने भरलेल्या बादलीत डोकं घालून बसत. हे कुसुमताईंनी पाहिलं होतं. कुणालाही न सांगता, म्हणजे फक्त तीन विंगांना सांगून, त्यांनी ते मनात ठेवलं होतं. आणि आता दारात साक्षात पोलीस.

"काय केलं हो बोपर्डीकरांनी?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. मग स्वतःच सांगितलं, "माणूस वाईट नाही. पण रोज सकाळी बादलीत डोकं घालतात. वहिनी आत पोळ्या लाटत असतात. आम्ही काय म्हणणार? प्रत्येकाच्या घरचं असतं काहीतरी."

हे सगळं चौकशीत उतरलं. अर्ज पुढच्या कार्यालयात 'सविस्तर अहवालासाठी' गेला आणि तिथेच राहिला. सोसायटीत मात्र हरिहररावांवर सहानुभूतीचा वर्षाव सुरू झाला. लिफ्टमध्ये लोक त्यांच्या खांद्यावर हात ठेवू लागले. कुणी कानात कोमट तेलाचा बोळा घालायला सांगितलं, कुणी बुडी मारण्याआधी चमचाभर तूप. कुसुमताईंनी एका वैद्यांचा पत्ता दिला. हा पत्ता पाण्यासाठी नसून डोक्यासाठी आहे हे त्यांनी अरुंधतीवहिनींना बाजूला घेऊन सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो. बादलीत असतात तेवढा वेळ बोलत नाहीत."

कॅमेऱ्याच्या काट्यावर माझं नाव होतं. आमच्या मुलाने, मिहिरने, कॅनडाहून एक उत्तम कॅमेरा पाठवला होता. तो कपाटात मखमली पिशवीत असे आणि दर दसऱ्याला त्याला फूल वाहिलं जाई. त्याचं माहितीपुस्तक एवढं जाड होतं की ते वाचून होईपर्यंत कॅमेरा जुना होईल या भीतीने मी त्याला हात लावला नव्हता. आमची ही म्हणाली, "देताय खरं. परत येणार का?"

"हरिहररावांसारखा काटेकोर माणूस सोसायटीत दुसरा आहे का?" मी म्हणालो. मनात जमाखर्च वेगळाच होता. कॅमेरा कपाटात पडून होता आणि गाडीतली जागा रोज वापरात होती.

राहिली पाणबंद पेटी. कॅमेरा पाण्याखाली न्यायचा तर तो एका पारदर्शक पेटीत घालावा लागतो. अशा पेट्या तयार मिळतात, परदेशातून येतात, आणि शहाणा माणूस त्या विकत घेतो. पण आमच्या पट्ट्यात शहाणपणाची व्याख्या वेगळी आहे. इथे बाहेरून आणलेली कुठलीही वस्तू हातात घेऊन माणूस दोनदा उलटसुलट करतो, डोकं खाजवतो आणि म्हणतो, हे तर भोसरीत होईल. उद्या कुणी चंद्रावर जायचं यान दाखवलं, तरी आमच्याकडचा माणूस आधी त्याचं ड्रॉइंग मागेल.

"पेटी म्हणजे काय हो?" हरिहरराव म्हणाले. "एक डबा, एक झाकण आणि मधे सील. आणि सील या देशात कोण करतं? आपण. मी दुसऱ्याचं सील घालून समुद्रात उतरलो तर साहेब काय म्हणतील?"

भोसरीचे उद्धवराव हे त्यांचे जुने पुरवठादार. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्यावर शेड उभी राहिली; मारुंजीत खोल्या बांधून त्या आयटीवाल्या पोरांना भाड्याने दिल्यात. घर भाड्यावर चालतं, पण उद्धवरावांचं मन लेथवरच. हरिहररावांनी गेल्या अनेक वर्षांत त्यांचा जेवढा माल परत पाठवला, तेवढ्यात आणखी एक शेड भरली असती. त्यामुळे हरिहरराव स्वतः त्यांच्या दारात ड्रॉइंग घेऊन आले, तेव्हा उद्धवरावांनी पहिल्यांदा खुर्ची पुसली आणि मग हळूच हसले.

"आता माल आमी करायचा आन् वापरायचा तुमी? व्हय?"

"व्हय," हरिहरराव चुकून म्हणाले.

"मग रिजेक्ट कोन करनार?"

"समुद्र."

"समुद्राचं काय न्हाई हो. त्यो तुमच्याइतका बारीक बघत नसंल."

पेटी झाली, आणि सांगतो, देखणी झाली. आरशासारखं पॉलिश, समोर जाड काच, वरून कॅमेऱ्याचं बटण दाबायला छोटी दांडी, झाकणाच्या कडेने खाच आणि खाचेत आमच्या कंपनीचं काळंभोर सील. उद्धवरावांनी ती पाण्याच्या पिंपात बुडवली, आत हवेचा दाब सोडला. एक बुडबुडा आला नाही. हरिहररावांनी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिलं. मग खिशातून हिरवा स्टिकर काढला, त्यावर सही केली आणि पेटीवर चिकटवला. हिरवा स्टिकर म्हणजे माल पास. उद्धवरावांनी हात पँटला पुसून त्या स्टिकरवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "फोटो काढा राव कुनीतरी. बोपर्डीकर सायबांनी आमचा माल पैल्या झटक्यात पास केलाय."

आता सराव. लक्षद्वीपचा परवाना येईल तेव्हा येईल. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात रंगीत तालीम करून घ्यावी, असं ठरलं. तलाव उन्हाळ्यापासून कोरडा होता. आमच्याकडे नळाला पाणी कमी आणि टँकरला जास्त, त्यामुळे तलाव हा शब्द उच्चारणाऱ्याकडे लोक रागाने बघत. सोसायटीचे अध्यक्ष दादासाहेब यांनी तर तलावाच्या तळाशी कुंड्या ठेवल्या होत्या.

"नळाला पाणी नाही आणि तुम्हाला पोहायचंय, बोपर्डीकर?"

"पोहता येत नाही मला, दादासाहेब. ट्रायल घ्यायचीय."

दादासाहेबांनी डोळे मिटले. पुढल्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती आणि विरोधी पॅनेलने 'तलाव सुरू झालाच पाहिजे' हे पहिलंच कलम लिहिलं होतं. डोळे उघडले तेव्हा त्यांच्यापुढे मार्ग स्वच्छ दिसत होता. "खंडेनवमीला करू," ते म्हणाले. "शस्त्रपूजनाचा दिवस आहे. तुमच्या यंत्राची पूजा, तलावाचं उद्घाटन, दोन शब्द मी बोलेन. सगळ्या सोसायटीला बोलवा."

टँकर आले. तलाव भरला. त्या दिवशी बी विंगच्या नळाला पाणी आलं नाही, पण बी विंग दादासाहेबांना मत देत नाही.

हरिहररावांच्या ट्रायलच्या नियमात 'हलती वस्तू' हवी होती. प्रवाळ म्हणून अरुंधतीवहिनींच्या इडलीपात्रातले साचे तळाशी ठेवून त्यांना गौरीच्या सजावटीतली प्लॅस्टिकची फुलं बांधली होती. पण ती हलत नव्हती. "मासा हवा," हरिहरराव म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले. शाळांच्या गॅदरिंगला पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातून त्यांनी मासा आधीच आणून ठेवला होता. नारिंगी, पांढरे पट्टे, मागे शेपूट, हातांना पर, आणि माशाच्या वासलेल्या तोंडातून आतल्याचा चेहरा बाहेर. माप दहावीच्या मुलाचं. मागची चेन पाठीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे तिने माझ्यापुढे हात टेकले.

"हरिहरराव, मी अकाउंट्समधला माणूस आहे. ऑडिटर मला सबनीससाहेब म्हणतात."

"बरोबर आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "तुमच्यावर जबरदस्ती नाही. मुदतवाढ नाही झाली तर मी घरी बसेन. गाडीही कंपनीत जमा होईल. बस आपल्या गेटवरूनच जाते म्हणा."

मी उरलेली शेपूट ओढून घेतली.

खंडेनवमीला सकाळी तलावाकाठी सगळी सोसायटी लोटली. पाटावर लाल कापड, त्यावर पेटी, पेटीला झेंडूची माळ. दादासाहेबांचे दोन शब्द सुरू झाले आणि त्यांत तलावाचा इतिहास, विरोधकांचा नाकर्तेपणा आणि पाणीबचतीचं महत्त्व, एवढं सगळं मावलं. मी उन्हात मासा होऊन उभा. मुलं शेपूट ओढून बघत होती. एका लहान मुलीने मला बिस्किटाचा चुरा खायला घातला आणि तिची आई म्हणाली, "काकांना थँक्यू म्हण." आमची ही गर्दीत अशा जागी उभी होती, की जणू आमची ओळख नाही.

पूजा सुरू व्हायची तेवढ्यात कुसुमताई पुढे झाल्या. "अहो, पेटी रिकामी आहे का?"

"कॅमेरा नंतर घालणार आहे," हरिहरराव म्हणाले.

"रिकाम्या पेटीची पूजा? शिव शिव! आमच्या जुन्या सोसायटीत एकांनी रिकामी तिजोरी पुजली. वर्षभर रिकामीच राहिली हो!"

सगळ्या बायका गंभीर झाल्या. उद्धवरावसुद्धा म्हणाले, "ताईंचं खरं हाय. आमी लेथवर जॉब चढवूनच नारळ फोडतो."

आणि इथे, ज्या माणसाने केसासाठी ट्रक माघारी धाडले, त्या हरिहर बोपर्डीकरांनी, स्वतः पास केलेल्या पेटीचं झाकण भर पूजेत उघडलं. मिहिरचा कॅमेरा आत ठेवला. पेटीचा आ वासलेला, माझाही. गुरुजींनी मंत्र म्हटला, आणि सबंध सोसायटीने, तिन्ही विंगांनी मिळून, आमच्यावर अक्षता टाकल्या. कुंकवात माखलेले ते तांदूळ कॅमेऱ्यावर पडले, दादासाहेबांच्या टकलावर पडले, माझ्या तोंडात पडले. हरिहररावांनी रुमालाने पेटी झटकली. तेवढ्यात त्यांच्या हातात नारळ दिला गेला.

"सबनीस, जरा झाकण दाबा," ते म्हणाले.

मी माझ्या दोन्ही परांनी झाकण दाबलं. कट्ट असा आवाज झाला. टाळ्या पडल्या.

मग आम्ही छातीएवढ्या पाण्यात उतरलो. हरिहररावांनी नाकाडोळ्यांवर मुखवटा चढवला, पेटी घेतली आणि बादलीतल्या सगळ्या अनुभवानिशी बुडी मारली. मीही बसलो. आणि बसल्यावर मला कळलं की त्या माशाच्या पोटात स्पंज भरलेला आहे. गॅदरिंगच्या स्टेजवर मासा गोलमटोल दिसावा म्हणून भरलेला. स्टेजवर पाणी नसतं. इथे होतं, आणि ते सगळं माझ्या पोटात शिरू लागलं. मी उठायला गेलो तर माझं वजन सबनीस अधिक एक पाण्याची टाकी, एवढं झालेलं. पाय घसरले. मी इडलीपात्रावर आडवा झालो. हात हलवले, शेपूट हलवली, तोंड उघडून 'वाचवा' म्हणालो. त्याचा एक मोठा बुडबुडा झाला. समोर हरिहरराव दोन्ही अंगठे वर करून मला शाबासकी देत होते. आणि दांडी दाबत होते. पुन्हा पुन्हा दाबत होते.

काठावर कुसुमताई म्हणाल्या, "किती खरं करतायत हो!"

ओळखलं ते उद्धवरावांनी. पँट, बूट, मोबाइल, सगळ्यानिशी त्यांनी उडी टाकली आणि मला शेपटीला धरून ओढून काढला. काठावर मला उपडा घातला तेव्हा माशातून एवढं पाणी निघालं की बी विंगवाल्यांनी बादल्या आणाव्यात की काय, अशी चर्चा झाली.

"सबनीस, काय हालचाल दिलीत!" हरिहरराव बाहेर येत म्हणाले. मग त्यांनी हातातली पेटी डोळ्यांसमोर धरली.

पेटीत पाणी होतं. काठोकाठ. आत माझा कॅमेरा, कुंकवाने लालसर झालेल्या पाण्यात, एखाद्या तीर्थात ठेवल्यासारखा शांत.

झाकण उघडलं. हरिहररावांनी सील बोटाने उचललं आणि खाचेत बघितलं. तिथे अक्षतेचा एक दाणा होता. भिजून टम्म फुगलेला, कुंकू लागलेला. त्याच्यावर सील चढलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी तलाव आत आला होता.

"पेटी आमची, रबर तुमचं," उद्धवराव बूट पिळत म्हणाले. "तांदूळ कुनाचा?"

आता आमच्या कंपनीची एक रीत आहे. कुठलीही चूक झाली की 'का' हा प्रश्न लागोपाठ विचारत जायचं. शेवटी जे हाताला लागतं ते मूळ कारण. हरिहररावांना तिथेच तो झटका आला. टॉवेल गुंडाळून, सगळ्या सोसायटीपुढे, ते विचारू लागले.

"पाणी का गेलं? सील बसलं नाही. सील का बसलं नाही? दाणा होता. दाणा का होता? अक्षता टाकल्या. अक्षता का टाकल्या? पूजा केली. पूजा का केली? कारण उद्घाटन करायचं असं..."

इथे ते थांबले. सगळ्यांनी दादासाहेबांकडे बघितलं. दादासाहेबांनी हरिहररावांकडे बघितलं. दादासाहेबांच्या कपाळावर अजून दोन अक्षता चिकटलेल्या होत्या, पण नजरेत मांगल्य नव्हतं. मार्चनंतर हरिहररावांवर या सोसायटीत दिवसभर राहण्याची वेळ कदाचित येणार होती, आणि पार्किंगच्या जागा दादासाहेब वाटतात.

हरिहररावांनी घसा खाकरला. "मुळात," ते म्हणाले, "झाकण कुणी दाबलं?"

मी अजून उपडाच होतो. माझी शेपूट ठिबकत होती. मूळ कारण सापडल्याचा आनंद सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसरला आणि लोक प्रसाद घ्यायला गेले.

कॅमेरा गेला तो गेलाच. त्यातलं कार्ड मात्र वाचलं. परवाना नाही, कॅमेरा नाही, दसरा उद्यावर. हरिहररावांकडे साहेबांना द्यायला तेवढंच होतं. कार्डावर बरेचसे फोटो स्वतःच्या अंगठ्याचे निघाले. एक मात्र माझा. निळसर पाणी, त्यात कुंकवाची लाल धुकटी, तरंगत्या झेंडूच्या पाकळ्या, मागे फुलं लावलेलं इडलीपात्र, आणि मधोमध नारिंगी माशाच्या तोंडातून बाहेर आलेलं, बुडणाऱ्या माणसाचं तोंड. खरं सांगतो, फोटो चांगला होता. मरणाच्या दारातला माणूस नटायला विसरतो.

त्यांनी तो फोटो साहेबांना दिला, सोबत घटनेचा अहवाल जोडून. अहवालात मूळ कारणासमोर 'सहभागी कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा (अकाउंट्स)' असं होतं. साहेबांपुढे तोपर्यंत सूर्यास्तांचा एवढा ढीग झाला होता, की हा फोटो बघून ते खुर्चीतून उठले म्हणे. म्हणाले, हेच खरं! एका दाण्याने काय होतं ते बघा! नोव्हेंबर हा कंपन्यांत गुणवत्तेचा महिना. नोव्हेंबरच्या पानावर मी आलो. खाली मोठ्या अक्षरांत: 'एक कण पुरेसा असतो.' कॅलेंडर सगळ्या कारखान्यांना, बँकांना आणि आमच्या ऑडिटरला गेलं. ऑडिटर आता मला साहेब म्हणताना थोडा थांबतो.

आणि मुदतवाढ? मिळाली की. पुरती दोन वर्षं. गुणवत्ता सल्लागार या नावाने. आता सल्लागाराने रोज चाकणला येऊन जागा अडवायची काय गरज, असं साहेबांनी उदारपणे लिहिलं. घरूनच काम करावं. त्यामुळे गाडी लागणार नाही. ती कंपनीत जमा करावी.

हरिहरराव एप्रिलपासून जेवणाच्या टेबलावर बसतात. त्यांच्या मीटिंगा चालू असताना मिक्सर लावायचा नाही. फोडणीचा आवाज करायचा नाही. दोन मीटिंगांच्या मधे ते पोळ्यांची जाडी मोजतात, आणि वहिनींच्या डाळीच्या डब्यावर त्यांनी लाल स्टिकर लावलाय, म्हणजे माल नापास. परवा लिफ्टमध्ये वहिनी भेटल्या. हातात भाजीची रिकामी पिशवी. भाजी आणायची नव्हती, नुसत्या बाहेर पडल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला उद्धवरावांनी दोन मिनिटांत बाहेर काढलं हो. माझी दोन वर्षं आहेत."

लक्षद्वीपचा चारित्र्याचा दाखलाही अखेर आला. दोघांचाही. पोलिसांच्या मते आम्ही दोघं निष्कलंक आहोत.

तर हा ताळेबंद. दादासाहेब निवडून आले. तलाव निकालाच्या दुसऱ्या दिवशी रिकामा झाला आणि कुंड्या पुन्हा तळाशी गेल्या. उद्धवरावांनी हिरव्या स्टिकरची ती पेटी धुऊनपुसून शेडमध्ये काचेच्या कपाटात लावली आहे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, बोपर्डीकर सायबांनी पास केलेला माल हाय. कुसुमताईंचं काहीच गेलं नाही. त्यांचं कधीच जात नाही. हरिहररावांनी जे मागितलं ते सगळं त्यांना मिळालं आणि त्याची किंमत वहिनी रोज फेडतायत. बाकी सगळं माझ्या नावे. कॅमेरा माझा, भिजून फाटलेल्या माशाची भरपाई माझी, चूक माझी. मी आता कंपनीच्या बसने जातो, बहुतेक वेळा उभ्याने. ड्रायव्हरच्या मागे कंपनीचं कॅलेंडर टांगलेलं आहे, आणि चाकणच्या चौकात बस थांबली की सगळी बस आधी त्या माशाकडे बघते आणि मग माझ्याकडे. नोव्हेंबर कधीच संपला. पण पान उलटायला कुणी तयार नाही.